जिराफाच्या वाटेवरचे देऊळ

त्या सोमवारी सकाळी गिरणीचा पहिला भोंगा झाला तेव्हा मी उठलेलो होतो, आणि दुसरा झाला तेव्हा मोरीत उभा राहून नळाकडे पाहत होतो. आमच्या इमारतीच्या नळाला आधी नुसती हवा येते, मग तांबूस पाणी येते, आणि पाणी स्वच्छ होऊ लागले की ते जाते. महानंदा, म्हणजे माझी पत्नी, भाकरी थापत होती. खाली अंगणात खाजाभाई बागवान हातगाडीवर केळी रचत होते आणि गिऱ्हाईक नसल्यामुळे स्वतःशीच घासाघीस करीत होते. समोरच्या बिऱ्हाडात गुरुसिद्धप्पा लिंगपूजेला बसले असल्यामुळे त्यांच्या घरची मंडळी दबक्या आवाजात भांडत होती. वरच्या मजल्यावरचे एसटी कंडक्टर तात्याबा पहिल्या गाडीवर केव्हाच गेले होते. चहा झाला. मी आरशासमोर बसून गालांना साबण लावला, आणि उजवा गाल पुरा होऊन डावा सुरू व्हायच्या बेतात असताना शरणम्मा दारात येऊन उभ्या राहिल्या.

शरणम्मा या गुरुसिद्धप्पांच्या मातोश्री. ठेवणीतले इरकल नेसलेल्या, कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे आणि हातात पिशवी. पिशवीत पाच नारळ होते.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "त्या देवळाला यष्टी कुटून सुटती?"

"कोणत्या देवळाला?"

"तुमच्याच की. जिराफाच्या वाटंवरच्या."

मी वस्तरा खाली ठेवला. त्या दिवशी तो पुन्हा उचलायचे माझ्या लक्षात राहिले नाही. शाळेत आठवी ब मधली मुले तासभर माझ्या डाव्या गालाकडे पाहत राहिली, आणि हेडमास्तरांनी मला बाजूला घेऊन, घरी काही दुःखद घडले आहे का, अशी हळूच चौकशी केली. भूगोलाच्या शिक्षकाला आधीच फारशी प्रतिष्ठा नसते; त्यात अर्ध्या दाढीने भर पडत नाही.

शरणम्मांनी ज्या देवळाची चौकशी केली ते देऊळ पृथ्वीच्या पाठीवर कोठेही नव्हते. ते आम्ही रविवारी दुपारी माझ्या खोलीत सतरंजीवर बसून, बोलता बोलता उभे केले होते.

याचे मूळ माझ्या मेहुण्यात आहे. तो अमेरिकेत इंजिनियर आहे. सत्त्याहत्तरच्या दिवाळीत त्याने महानंदासाठी नायलॉनची साडी आणि माझ्यासाठी एक खोका आणला. खोक्यात पातळ पुस्तिका होत्या आणि चित्रविचित्र आकारांचे रंगीत फासे होते. त्यांपैकी एकाला तर वीस पैलू होते. या खेळाला पट नाही आणि सोंगट्याही नाहीत. एकाने सूत्रधार होऊन एका कल्पित मुलखाचे वर्णन करायचे. बाकीच्यांनी त्या मुलखातले वाटसरू व्हायचे आणि "मी दार उघडतो", "मी नदी ओलांडतो" असे सांगायचे. संकट उभे राहिले की फासा टाकायचा आणि फासा म्हणेल ते मानायचे. आमच्या इमारतीत चार बिऱ्हाडे चार रीतींची. एकमेकांशी बोलण्याचा प्रसंग फक्त नळावर येई आणि तो गोड नसे. चार माणसांना एका सतरंजीवर बसवणारा खेळ मिळाला, या कल्पनेने मी फार उत्साहित झालो. मी पुस्तिका वाचल्या, मोठ्या ड्रॉइंग पेपरवर त्या मुलखाचा नकाशा काढला, त्याला समोच्च रेषा, प्रमाण आणि उत्तर दिशेचा बाण दिला, आणि तिघांना निमंत्रण धाडले.

पहिली हरकत फाशांवरच आली.

"पासा हमारे में मना हय, मास्तर," खाजाभाई मांडी घालण्यापूर्वीच म्हणाले. "मैं हात नै लगाता. देखता भी नै."

"माझाही विरोध आहे," आतून महानंदा म्हणाली. तिला कोणी विचारले नव्हते. "फाशांपायी राज्यं गेली."

अखेर असे ठरले की फासे मी एकट्याने टाकायचे, आणि तेही खोक्याचे झाकण आडवे धरून त्यामागे, म्हणजे इतरांच्या नजरेला ते पडणार नाहीत. "तुमे डालो, हमना खाली बोलो क्या हुआ," खाजाभाई म्हणाले. पाप लागलेच तर ते माझ्या एकट्याच्या माथी, हा ठराव एकमताने संमत झाला. त्यात माझे मत कोणी धरले होते, हे मला आजही ठाऊक नाही.

पुस्तिकेप्रमाणे प्रवासाचा आरंभ दारूच्या गुत्त्यात होतो. तेथे बसायला तिघांपैकी एकही तयार होईना, म्हणून मी गुत्त्याची शाकाहारी खानावळ केली. पुढे थडग्यांतून उठणारे सांगाडे होते. गुरुसिद्धप्पा कापडाचे व्यापारी आहेत. नग पाहिल्याशिवाय पुढे जात नाहीत. त्यांनी चित्र हातात घेऊन बराच वेळ निरखले.

"सर, हा आडवा झोपलाय."

"हो."

"आमच्यात बसवून पुरतात. हा आमच्यापैकी नाही हे खरं. पण असता, तर त्याच्यावर काठी उगारायची का मी?"

"दफन हमारे में भी हय," खाजाभाई म्हणाले. "कबर को धक्का नक्को."

मी सांगाडे काढून टाकले. मग गुहेचा राखणदार आला. पुस्तिकेत त्याला एडक्याचे तोंड होते.

"ह्ये न्हाय चालायचं," तात्याबा म्हणाले. त्यांचे घराणे सांगोल्याकडचे, धनगराचे. दोन भाऊ अजून मेंढरांमागे हिंडतात. "मेंढरू म्हंजे लक्षुमी हाय आमची. तिच्या तोंडाचा राकुस? आमची आय घरात घ्यायची न्हाय मला."

मी बैलाचे तोंड सुचवले. गुरुसिद्धप्पा नुसते माझ्याकडे पाहत राहिले. महादेवाचे वाहन सुचवल्याची लाज मला आपोआप वाटली. नागाचे नाव घेतले तेव्हा महानंदा आतून खाकरली. कुत्रा आणि घोडा खंडोबाकडे गेले, वाघ देवीकडे, उंदीर गणपतीकडे, घुबड लक्ष्मीकडे, रेडा यमाकडे. उंटाविषयी खाजाभाईंना आदर होता. आणखी एका प्राण्याचे नाव मी खाजाभाईंसमोर काढलेच नाही. दुसऱ्या दिवशी मी शाळेतला प्राण्यांचा तक्ता घरी आणला आणि रात्री एकेका चौकटीवर बोट ठेवत गेलो. आपल्या देवांनी प्राणिसृष्टीची वाटणी किती काटेकोर केली आहे, हे मला तेव्हा कळले. ज्याच्यावर कोणी बसत नाही, ज्याला कोणी पूजत नाही आणि ज्याचा कोणाला विटाळ नाही, असा एकच प्राणी शिल्लक राहिला. तो जिराफ.

"जिराफ खातं काय, मास्तर?" पुढच्या रविवारी तात्याबांनी विचारले.

"झाडाचा पाला."

"मग त्ये आमाला मारंल कशापायी?"

हा प्रश्न रास्त होता. शिवाय जिराफ गुहेत मावेना. मी आधी छत उंचावले, नंतर गुहाच रद्द करून जिराफाला डोंगराच्या वाटेवर उभे केले. कोणी कोणाला मारायचे नाही हे तोपर्यंत ठरलेले होते, म्हणून मी एकच नियम ठेवला: वीस पैलूंच्या फाशावर एक पडला की जिराफ वाटेत आडवा उभा राहतो, वाटसरूने त्या दिवशी माघारी फिरायचे, आणि पुढल्या रविवारपर्यंत पुन्हा निघायचे नाही. एवढा नियम मात्र मी कठोरपणे पाळला. एकदा गुरुसिद्धप्पा अगदी पायथ्याशी पोचले असताना एक पडला.

"सर, आजचा दिवस जाऊ द्या की. दुकान बंद ठेवून आलोय."

"नियम तो नियम, गुरुसिद्धप्पा. फाशाला दुकान कळत नाही."

त्यांनी आठवडाभर मला नमस्कार केला नाही. पण त्यामुळे खेळाला वजन आले, असे माझे मत होते.

वाटेच्या शेवटी, पुस्तिकेप्रमाणे, एका भलत्याच देवाचे मंदिर होते आणि त्या मूर्तीचा पाचूचा डोळा पळवायचा होता. डोळा पळवण्याची कल्पना ऐकून तिघेही एकाच वेळी उठून उभे राहिले; त्यांचे इतके एकमत मी नळावर कधी पाहिले नव्हते. मी डोळा काढला आणि त्याबरोबर मूर्तीही काढली. शिखर ठेवावे की घुमट, असा पेच पडला तेव्हा आपल्या भागातल्या घरांसारखे साधे सपाट माळवद घातले. निशाणाचा रंग ठरेना, म्हणून निशाणही नाही. आत एक दिवा ठेवला. देवाला नाव दिले नाही. कोणाच्याच भावना दुखावू नयेत, एवढाच माझा हेतू होता.

परिणाम असा झाला की ते देऊळ प्रत्येकाला आपलेच वाटू लागले. लुटायचे काहीच उरले नसल्यामुळे मंडळी ते नीटनेटके करू लागली. गुरुसिद्धप्पांनी चुना दिला. तात्याबांनी आत घोंगडे अंथरले. खाजाभाई दर रविवारी केळी ठेवीत आणि बाहेर पडताना न चुकता म्हणत, "दरवाजा खुला रखो, मास्तर. कोई आया तो?" मी तो उघडा ठेवी.

आणि दारातल्या उंबऱ्याशी वाती वळत बसलेल्या शरणम्मा हे सगळे ऐकत होत्या. त्यांचे मराठी कानडीला लागून आहे. आमच्या बोलण्यातले "समजा" आणि "कल्पना करा" त्यांच्यापर्यंत पोचले नसावेत. वाट, चढ, दिवा आणि उघडे दार तेवढे पोचले. त्यांच्या धाकट्या मुलाची, धोंडप्पाची, मुलगी शिवम्मा मंद्रूपला बाळंतपणासाठी माहेरी आली होती आणि पोटातले मूल आडवे असल्याचे डॉक्टर म्हणत होते. शरणम्मांनी कोणाला न सांगता त्या देवळाला नवस बोलला: दोघे सुखरूप सुटू देत, पाच नारळ आणि होळिगेचा, म्हणजे पुरणपोळीचा, नैवेद्य घेऊन येईन.

दोघे सुखरूप सुटले.

त्या सोमवारी संध्याकाळी मी घरी परतलो तेव्हा गुरुसिद्धप्पा माझ्या खुर्चीवर बसलेले होते. उभ्या आयुष्यात ते प्रथमच माझ्यावर आवाज चढवून बोलले.

"सर, मी खेळलो ते खेळ म्हणून. माझ्या आईला त्यात देव सापडला. आता निस्तरा."

"आपण त्यांना सिद्धेश्वराला घेऊन जाऊ. त्या तळ्यातल्या देवळापेक्षा मोठं दुसरं..."

"नेलं होतं दुपारी. पायरीवरच बसली. म्हणाली, ह्याला मी काही बोललेच नाही, ह्याला दुसऱ्याचं कसं देऊ? दोघं रागावतील." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "येत्या गुरुवारी मंद्रूपला पाळणा आहे. नवस फिटल्याशिवाय बाळाचं तोंड बघणार नाही म्हणते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, सर. ऑपरेशनला हात लावू देत नाही. पुढं कधी बाळ दिसेलच असं नाही."

हे ऐकून मी डाव्या गालावरून हात फिरवला.

खाजाभाई आणि तात्याबा सल्ला द्यायला आपण होऊन आले. खाजाभाईंचे म्हणणे, होटगीच्या बाजूला एक दर्गा आहे, तेथे सगळ्यांचे चालते, कोणी नाव विचारत नाही. तात्याबांचे म्हणणे, माळावर तीन धोंडे मांडून चुना फासावा; दोन महिन्यांत आपोआप जत्रा भरू लागते, हा त्यांच्या मार्गावरचा अनुभव होता. दोन्ही उपायांत म्हातारीला फसवणे होते, आणि ते गुरुसिद्धप्पांना नको होते. मलाही नको होते. तेवढ्यात दारात एक गृहस्थ उभे राहिले. हातात चामडी पिशवी, खिशाला दोन पेने. ते तलाठी होते.

"आपल्याकडून एका देवस्थानाची माहिती घ्यायची होती," ते म्हणाले. "एसटीकडं गाडी मागण्याचा अर्ज आलाय. रस्ता आणि देवस्थान तपासून कळवा, असं तहसीलला पत्र आलं."

सगळ्यांनी तात्याबांकडे पाहिले.

"शरणम्माकाकी दोन महिन्यामागं म्हनली, गाडी पायजे," तात्याबा म्हणाले. "म्हाताऱ्या मानसाला न्हाय कसं म्हनायचं? टाकला अर्ज. आन् मास्तर, गाडी मंजूर झाली असती तर देऊळ काय, कुनीबी बांधलं असतं की!"

मी मुकाट्याने नकाशा काढून दिला. तलाठ्यांनी तो चटईवर पसरला आणि समोच्च रेषांवरून बोट फिरवले.

"नकाशा उत्तम आहे. आमच्या दप्तरातले असे नसतात. मौजे कोणतं?"

माझ्या नकाशाला शासनाकडून मिळालेली ही एकमेव दाद, आणि ती मला स्वीकारता येत नव्हती. "मौजे नाही," मी म्हणालो. "हे ठिकाण कोठेच नाही."

"तसं लिहिता येत नाही. 'आढळून आले नाही' असं लिहितो." त्यांनी टोपण काढले. "आणि हे जिराफ?"

"तेही नाही."

"नाही हे वन खात्यानं म्हणायला पाहिजे. त्यांना प्रत पाठवतो. उपद्रव आहे का?"

"वाट अडवतंय," तात्याबा म्हणाले.

तलाठ्यांनी तेही लिहून घेतले, चहा घेतला, आणि जाताना माझ्या गालाकडे एकदा पाहून, त्याविषयी काही न लिहिता, निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही गालांची दाढी केली आणि शरणम्मांच्या समोर जाऊन बसलो. मी त्यांना साध्या शब्दांत सांगितले की ते देऊळ जमिनीवर नाही. तेथे गाडी जात नाही आणि पायवाटही जात नाही. आम्ही चौघांनी ते बोलून केले आहे. गुरुसिद्धप्पांनी माझे बोलणे कानडीत पुन्हा सांगितले, म्हणजे समजण्यात चूक राहू नये. शरणम्मा ऐकत होत्या. त्यांच्या हातातली वात वळून झाली, दुसरीही झाली.

"मग तुमी कसं जाता तितं?" त्यांनी विचारले.

"बोलत बोलत."

"मग मलाबी तसंच न्या की, तम्मा. मला काय बोलता येत न्हाय?"

कानडीत तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. गुरुसिद्धप्पांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्याकडे पाहिले. गुरुवारच्या आधी रविवार येत नव्हता, म्हणून बुधवारी संध्याकाळी बसायचे ठरले. खाजाभाईंनी गाडी लवकर आवरली. तात्याबांनी ड्यूटी बदलून घेतली. महानंदाने, तिला फाशांचे वावडे असूनही, सतरंजी झटकून अंथरली आणि पाटा धुऊन कोपऱ्यात उभा केला.

शरणम्मा आंघोळ करून, उपाशी पोटी आल्या. शेजारी नारळ होते आणि झाकलेल्या ताटात होळिगे. त्यांनी बसण्यापूर्वी मला बजावले.

"म्हातारी म्हनून सोडू नका हं. ह्यांना जसं लावता तसं मला लावा. नवस फुकट फिटत न्हाय."

"नियम सगळ्यांना सारखा," मी म्हणालो, आणि झाकण आडवे उभे केले.

त्या निघाल्या. खानावळीत त्यांनी काही खाल्ले नाही, उपास होता. खानावळवाल्याच्या बायकोची मात्र विचारपूस केली. ती कोण, किती मुलांची, हे मला तेथल्या तेथे ठरवावे लागले. नदीला पाणी कमी होते. पलीकडे एक वाटसरू मेंढरे घेऊन बसला आहे, असे तात्याबा मध्येच म्हणाले, आणि मी हरकत घेतली नाही. शरणम्मांनी त्याला एक केळ दिले. ते केळ खाजाभाईंनी खिशातून खरेच काढून तात्याबांना दिले. चढ लागला. शरणम्मांनी गुडघ्यावर हात ठेवला. त्यांना खरेच दम लागला होता.

"आता जिराफाची वाट," मी म्हणालो.

गुरुसिद्धप्पा खाली सतरंजीच्या पट्ट्यांकडे पाहत होते. मी झाकणामागे हात नेला आणि वीस पैलूंचा फासा टाकला. तो घरंगळला, झाकणाला लागला आणि स्थिरावला.

एक.

मी पुन्हा पाहिले. फाशाला दुकान कळत नाही. मोतीबिंदूही कळत नसावा.

"काय पडलं, तम्मा?" शरणम्मांनी विचारले. त्यांचे दुधाळ डोळे माझ्या आवाजाच्या दिशेने लागले होते.

"वाट मोकळी आहे," मी म्हणालो. "ऊन उतरलं आहे. समोर माळवद दिसतं. पायऱ्या तीन."

"आन् दार?"

"उगडा हय, अम्मा," खाजाभाई म्हणाले. माझ्या आधी.

शरणम्मा उठल्या. त्यांनी पायांत नसलेल्या वहाणा पायरीशी काढून ठेवल्या. तीन पायऱ्या चढल्या, गुडघा धरून. खोलीच्या मध्यभागी उभे राहून त्यांनी हात जोडले आणि कानडीत बराच वेळ काहीतरी बोलल्या. त्यात शिवम्माचे नाव एकदा आले. मग पहिला नारळ पाट्यावर फोडला. पाणी सतरंजीवर सांडले. पाचही नारळ फुटले, होळिगेचे तुकडे झाले, आणि तात्याबा, खाजाभाई, गुरुसिद्धप्पा आणि आतून बाहेर आलेली महानंदा एका रांगेत हात पुढे करून उभे राहिले.

"उद्या पयल्या गाडीला माझ्या शेजारची सीट धरतो, काकी," तात्याबा खात खात म्हणाले. "मंद्रूपला गाडी जाती. अर्ज लागत न्हाय."

शरणम्मा हसल्या. गुरुसिद्धप्पा प्रसाद हातात घेऊन माझ्यापाशी आले आणि झाकणाच्या अलीकडेच थांबले.

"सर, फासा..."

"पडला," मी म्हणालो.

त्यांनी झाकणाकडे पाहिले. मग वाकून मला नमस्कार केला आणि आईला हात देऊन घरी घेऊन गेले. सगळे हात धुवायला मोरीकडे गेल्यावर मी फासा उचलला, खोक्यात टाकला, झाकण लावले, आणि माझ्या वाट्याची होळिगे खाल्ली.